रिकामं पडलं की कनेक्शन तुटतं ते कोणामुळे? डायल-अपमागची पाच घड्याळं

एओएल या अमेरिकी कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा (फोन लावून मिळणारं इंटरनेट) बंद केली. ही सेवा इतकी वर्षं चालू होती, याचंच अनेकांना आश्चर्य वाटलं. पण अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या २०२३ च्या अंदाजानुसार तिथल्या सुमारे एक लाख साठ हजार घरांत इंटरनेट अजून अशा फोन कॉलवरूनच येत होतं. दुसऱ्या काही कंपन्या अशी सेवा आजही देतात. शिवाय दूरच्या जागी बसवलेल्या यंत्रांशी बोलायला मोडेम अजून वापरात आहेत.

या सगळ्यांना छळणारा प्रश्न जुनाच आहे. तुम्ही एक लांबलचक पान उघडता, पंधरा-वीस मिनिटं शांतपणे वाचता, पुढच्या पानावर क्लिक करता आणि कळतं की कनेक्शन केव्हाच गेलंय. काहीतरी करत असताना ते तुटत नाही, हात बाजूला घेतला की तुटतं. ‘लाइन खराब आहे’ असं म्हणून बहुतेक जण सोडून देतात. लाइन खराब असूही शकते, पण ठरावीक वेळ शांत राहिल्यावरच तुटणारं कनेक्शन लाइनमुळे जवळजवळ कधीच तुटत नाही.

लाइन स्वतःहून झोपत नाही

मोडेम म्हणजे संगणकाच्या आकड्यांचं आवाजात आणि आवाजाचं पुन्हा आकड्यांत रूपांतर करणारं यंत्र. दोन टोकांचे मोडेम एकमेकांना सापडले की त्यांच्यात एक अखंड सूर सुरू होतो. त्याला कॅरियर म्हणतात.

गाण्याच्या मैफलीतला तंबोरा आठवा. गायक थांबला, पाणी प्यायला, तरी तंबोरा वाजतच राहतो. कॅरियर हा तंबोरा आणि तुमची पानं, मेल, चित्रं हे गाणं. तुम्ही तासभर काही पाठवलं नाही तरी दोन्ही मोडेम ‘सध्या काही नाही’ असं सांगणारा सूर एकमेकांना देत असतात. तारेवरचं काम तेवढंच चालू असतं.

संगणकाबाहेर ठेवायच्या मोडेमवर हे डोळ्यांनी दिसतं. त्याच्या पुढच्या बाजूला दिव्यांची रांग असते. ‘ओएच’ म्हणजे फोन उचललेला आहे, ‘सीडी’ म्हणजे कॅरियर सापडला आहे, ‘एसडी’ आणि ‘आरडी’ म्हणजे माहिती जाते-येते आहे. तुम्ही वाचत बसता तेव्हा शेवटचे दोन दिवे विझलेले असतात, पण ओएच आणि सीडी स्थिर जळत असतात. मग एका क्षणी तेही दोन्ही विझतात. सूर आपोआप थांबलेला नसतो. कुणीतरी तंबोरा खाली ठेवलेला असतो.

मग ठेवतं कोण, आणि का?

याचं मूळ कारण एसटीतल्या रुमालात आहे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि माणूस चहाला गेला, की मागून आलेला प्रवासी उभाच राहतो. इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडेही मोजक्याच जागा असतात. भारतात किंवा युरोपात तिने घेतलेल्या ई-वन नावाच्या एका मोठ्या फोन-जोडणीवर एका वेळी ३० कॉल मावतात. एकतिसाव्याला ‘एंगेज’ ऐकू येतं. ग्राहक मात्र तिसांपेक्षा कितीतरी जास्त केलेले असतात, कारण सगळे एकदम येणार नाहीत हे गृहीत धरलेलं असतं.

हे गृहीतक मोडलं की काय होतं ते एओएलनेच पाहिलंय. डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने तासांचा हिशेब सोडून महिन्याला १९.९५ डॉलर असा सरसकट दर लावला. तास मोजले जात नाहीत म्हटल्यावर लोक कनेक्शन सोडेनात, आणि दुसऱ्यांना लाइनच मिळेना. ‘एंगेज’ ऐकून वैतागलेल्या ग्राहकांचं प्रकरण अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांपर्यंत गेलं आणि कंपनीला पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. त्यामुळे शांत बसलेल्या ग्राहकाला उठवणं ही कंपनीची गरज असते.

पण कंपनी हे एकटंच कारण नाही. रुमाल उचलणारे हात एकूण पाच ठिकाणी असू शकतात, आणि त्यातले तीन तुमच्याच टेबलावर आहेत.

पाच घड्याळं

पहिलं ब्राउझरमध्ये. जुन्या विंडोजवर इंटरनेट एक्सप्लोररच्या टूल्स मेनूतून इंटरनेट ऑप्शन्स, कनेक्शन्स, तुमच्या कनेक्शनचं नाव निवडून सेटिंग्ज आणि मग अॅडव्हान्स्ड असं जा. तिथे ठरावीक मिनिटं शांत राहिल्यास कनेक्शन तोडण्याची चौकट असते, आणि आत २० मिनिटं लिहिलेली असतात. तिच्याच खाली कनेक्शनची गरज संपली असं वाटल्यास तोडण्याची दुसरी चौकट आहे. या दुसऱ्या चौकटीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ब्राउझर बंद करून मेल लिहीत बसलं की तीच कनेक्शन तोडायला निघते. दोन्ही टिका काढून टाका.

दुसरं घड्याळ विंडोजच्या डायलरमध्ये, म्हणजे फोन लावणाऱ्या भागात. एक्सपीत नेटवर्क कनेक्शन्समधल्या तुमच्या कनेक्शनवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ऑप्शन्स. ‘आयडल टाइम बिफोर हँगिंग अप’ समोर २० मिनिटं दिसतील, ती ‘नेव्हर’ करा. इथेच लाइन तुटल्यास पुन्हा डायल करण्याची चौकट आहे. तिच्यावर टीक करा, पुढे उपयोगी पडेल.

तिसरं मोडेमच्या पोटात. कंट्रोल पॅनेलमधल्या फोन अँड मोडेम ऑप्शन्समध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीज उघडून अॅडव्हान्स्ड आणि मग चेंज डिफॉल्ट प्रेफरन्सेस इथे जा. तिथे कॉल शांत राहिल्यास किती मिनिटांनी तोडायचा याची चौकट आहे. तिची टीक काढा. काही मोडेमना एवढंही पुरत नाही. त्यांच्या आत रजिस्टर नावाचे छोटे कप्पे असतात आणि शांततेचं घड्याळ त्यातल्या एकात असतं. बऱ्याच मोडेममध्ये तो कप्पा एस३०, आणि त्यातला आकडा दहा-दहा सेकंदांत मोजतात, म्हणजे ९० लिहिलं तर पंधरा मिनिटं. यूएस रोबोटिक्सच्या कुरिअर मोडेममध्ये तो एस१९ आणि मोजणी मिनिटांत. दोन्हीकडे शून्य म्हणजे घड्याळ बंद. त्यासाठी अॅडव्हान्स्ड पानावरच्या जादा आज्ञांच्या रकान्यात एटीएस३०=० ही आज्ञा रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची. आधी आपल्या मोडेमचं पुस्तक पाहा. चुकीच्या कप्प्यात शून्य टाकलं तर भलतंच काही बंद पडतं.

चौथं घड्याळ कंपनीकडे. तुम्ही नाव आणि पासवर्ड देता तेव्हा ते रेडियस नावाच्या व्यवस्थेकडे तपासायला जातात. हा तपासनीस उत्तरात नुसतं ‘आत सोडा’ म्हणत नाही. ‘इतके सेकंद शांत राहिला तर बाहेर काढा’ असंही सांगू शकतो. याला आयडल टाइमआउट म्हणतात.

पाचवंही तिथेच, पण ते वेगळं आहे. त्याला सेशन टाइमआउट म्हणतात. तुम्ही कामात असा वा नसा, ठरलेले तास भरले की बाहेर. चौथ्याला चकवता येतं, पाचव्याला नाही. पाचव्यावर पुन्हा डायल करणं एवढाच उपाय.

लॅपटॉप असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. यंत्र स्वतःच झोपी गेलं तर कनेक्शनही जातं, मग वरची घड्याळं बंद करून किंवा चकवून उपयोग नाही. पॉवर ऑप्शन्समधली झोपेची वेळ वाढवा.

आधी निदान, मग औषध

बरेच जण थेट ‘कनेक्शन जागं ठेवणारा’ प्रोग्राम उतरवून घेतात आणि तो चालत नाही म्हणून रागावतात. आधी तीनदा वेळ लिहून काढा. शेवटचं क्लिक किती वाजता केलं आणि सीडीचा दिवा किती वाजता विझला, एवढंच. तिन्ही वेळा अंतर सारखं आलं, समजा पंधरा मिनिटं, तर हे शांततेचं घड्याळ. डायल केल्यापासूनचा वेळ सारखा आला आणि शेवटच्या क्लिकचा संबंध दिसला नाही, तर पाचवं घड्याळ. आकड्यांत काहीच मेळ नसेल तर दोष तारेत, जोडलेल्या दुसऱ्या फोनमध्ये किंवा कॉल वेटिंगमध्ये शोधायचा.

लिनक्सवर हे काम सोपं आहे. तिथे कनेक्शन सांभाळणारा पीपीपीडी हा प्रोग्राम बंद होताना कारणाचा क्रमांक सोडून जातो. १२ म्हणजे शांततेमुळे आपणच तोडलं, १३ म्हणजे आपणच घातलेली एकूण वेळेची मर्यादा संपली, १५ म्हणजे समोरचा उत्तर देईना, १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला. नोंदवहीत ‘टर्मिनेटेड बाय पीअर’ असे शब्द दिसले तर समोरच्या कंपनीने रीतसर निरोप घेतला आहे. अशा वेळी आपल्याकडच्या कितीही टिका काढल्या तरी फरक पडणार नाही.

जागं ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं

कंपनीच्या घड्याळाला हात लावता येत नाही. ते परत शून्यावर येईल एवढी हालचाल मात्र दाखवता येते. सगळ्यात स्वस्त हालचाल म्हणजे पिंग. दुसऱ्या संगणकाला ‘आहेस का?’ विचारायचं आणि त्याने ‘आहे’ म्हणायचं. विंडोजचं एक पिंग सगळे पत्ते-शिक्के धरून ६० बाइटांचं असतं. बहुतेक ५६ के मोडेमची पाठवण्याची कमाल गती सेकंदाला सुमारे ४,२०० बाइट. म्हणजे एक पिंग सेकंदाच्या सत्तराव्या भागात निघून जातं. पानं उघडताना ते जाणवतही नाही.

किती वेळाने पाठवायचं? घड्याळाच्या निम्म्याहून कमी अंतराने. मर्यादा दहा मिनिटांची असेल तर दर चार मिनिटांनी, म्हणजे एखादं पिंग वाटेत हरवलं तरी दुसरं वेळेत पोचतं. कुणाला पाठवायचं? कंपनीच्याच डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या संगणकाला. तो जवळ असतो आणि कायम चालू असतो. अनोळखी लोकांच्या साइटवर दिवसभर पिंग मारणं बरं दिसत नाही.

लिनक्सवर पिंगच्या आज्ञेला अंतर सांगता येतं, चार मिनिटांसाठी ‘-आय २४०’ असं रोमन अक्षरांत लिहायचं. विंडोजच्या पिंगला अंतर सांगता येत नाही आणि एक्सपीत नुसतं थांबण्याची आज्ञाही नाही, म्हणून चार ओळींच्या बॅच फाइलची, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलची, युक्ती आहे. पहिल्या ओळीत एक खूण. दुसरीत सर्व्हरला एकच पिंग. तिसरीत स्वतःच्याच संगणकाला, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर, २४० पिंग. चौथीत परत खुणेकडे. तिसऱ्या ओळीतलं पिंग तारेवर जातच नाही, संगणकाच्या आतल्या आत फिरतं. ते सेकंदाला एक निघतं, म्हणून चार मिनिटं मोजून होतात.

पिंग चालू आहे तरी तुटतं, ते का?

कारण प्रत्येक घड्याळ ‘हालचाल’ वेगळी मोजतं. सगळा गोंधळ इथे होतो.

मोडेमला आशय कळत नाही. त्याच्या लेखी एक बाइट गेला तरी हालचाल. पीपीपीडी फक्त इंटरनेटची पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, मोजतो. दोन टोकं एकमेकांची खुशाली विचारतात त्याला एलसीपी एको म्हणतात, आणि तो या मोजणीत धरला जात नाही. त्यामुळे दर तीस सेकंदांनी खुशाली विचारत राहिलात तर मोडेमचं घड्याळ शून्यावर येत राहील, पण पीपीपीडीचं चालूच राहील. कंपनीकडे तर काहीही असू शकतं. सिस्को कंपनीच्या डायल करणाऱ्या राउटरवर (जोडण्या सांभाळणाऱ्या यंत्रावर) मुळात १२० सेकंदांचं घड्याळ असतं, आणि वेगळं सांगितलं नसेल तर ते फक्त बाहेर जाणारी, आधी ‘महत्त्वाची’ म्हणून ठरवलेली पाकिटं मोजतं. कंपनीचा ‘बाहेर’ म्हणजे तुमच्याकडे. म्हणून तुम्ही एकतर्फी काही पाठवत राहिलात तर उपयोग होईलच असं नाही. पिंगचं उत्तर तुमच्याकडे परत येतं, म्हणून ते चालतं. पण व्यवस्थापकाने पिंगलाच ‘महत्त्वाचं नाही’ ठरवलं असेल तर तेही संपलं.

अशा वेळी पिंग सोडा आणि मेलच्या प्रोग्रामला दर पाच मिनिटांनी नवी मेल तपासायला सांगा. पत्ता शोधणं, जोडणी करणं, पासवर्ड, उत्तर हे सगळं खरं कामकाज असतं, त्याला हालचाल म्हणावंच लागतं. शिवाय मेलही येते. आमच्या मते बहुतेकांना हाच उपाय पुरतो आणि वेगळा प्रोग्राम लागत नाही.

एक इशारा. एलसीपी एको कनेक्शन जागं ठेवण्यासाठी नाही, मेलेलं कनेक्शन ओळखण्यासाठी आहे. दर तीस सेकंदांनी विचारायचं आणि चार वेळा उत्तर आलं नाही तर तोडायचं, असं पीपीपीडीला सांगितलं तर दोन मिनिटांच्या शांततेनंतर तो फोन ठेवतो. खराब तारेवर एखादी मोठी फाइल चढवताना सगळी रांग तुंबते, खुशालीचं उत्तर मागे अडकतं, आणि चांगलं चाललेलं कनेक्शन हाच तोडून टाकतो. अंतर साठ सेकंद आणि संधी सहा दिल्या तर हा त्रास कमी होतो.

आणि कॉल वेटिंग?

त्याचा शांततेशी संबंध नाही, पण दोष तिकडेच जातो म्हणून दोन शब्द. दुसरा कॉल आल्याची टुक-टुक वाजली की कॅरियर क्षणभर हरवतो. किती वेळ हरवलेला चालेल हे एस१० या कप्प्यात सेकंदाच्या दहाव्या भागांत लिहिलेलं असतं, बहुधा १४, म्हणजे १.४ सेकंद. ते ५० केलं तर मोडेम पाच सेकंद वाट पाहतो आणि बऱ्याचदा सावरतो. अमेरिकेत नंबरच्या आधी *७० लावून त्या कॉलपुरतं कॉल वेटिंग बंद करता येतं.

जागा अडवून ठेवणं बरोबर आहे का?

प्रश्न रास्त आहे. अनेक कंपन्यांच्या अटींत आपोआप हालचाल दाखवणाऱ्या प्रोग्रामना मनाई असे, आणि वर सांगितलेला एकतिसावा माणूस खरा असतो. फक्त वाचायचं असेल तर तुटू द्यावं. पुन्हा डायल करायला आणि मोडेमचा कर्कश संवाद संपायला अर्धा मिनिट लागतो, तेवढं सोसावं. लिनक्सवर ‘डिमांड’ हा पर्याय वापरला तर पहिलं पाकीट निघताच डायल आपोआप होतो.

पण पुन्हा जोडल्यावर बहुधा नवा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा क्रमांक, मिळतो. दूरच्या यंत्रावर लॉगिन केलेलं असेल, गप्पांची खिडकी उघडी असेल किंवा अर्धी फाइल उतरली असेल, तर ते सगळं जुन्या पत्त्याशी बांधलेलं असतं आणि तुटतं. अशा कामापुरतं जागं ठेवावं, काम संपलं की आपणच फोन ठेवावा.

पैशाचाही हिशेब आहे. अमेरिकेत घरगुती फोनवरचा स्थानिक कॉल बहुतेक ठिकाणी महिन्याच्या दरातच येत असे, म्हणून तिथे रात्रभर कनेक्शन धरून ठेवायची सवय वाढली. आपल्याकडे विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, पण फोनचं मीटर वेगळं पळत असे. तीन मिनिटांचा पल्स (बिलाचं एकक) आणि पल्समागे १ रुपया २० पैसे धरले तर आठ तासांचे १६० पल्स, म्हणजे १९२ रुपये. महिनाभर रोज रात्री असं केलं तर ५,७६० रुपये. शांत कनेक्शन आपोआप तुटणं इथल्या घरांना उपकारच वाटत असे.

फायबरच्या काळात याचा काय उपयोग?

घड्याळं गेलेली नाहीत, जागा बदलली आहे. आज मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना थोड्याच आयपी पत्त्यांवर बसवतात. कोणतं पाकीट कोणाचं, याची एक वही त्यांच्या यंत्रात असते आणि वहीतल्या ओळी मर्यादित असतात. पुन्हा तोच रुमाल. टीसीपी (दोन संगणकांतल्या संवादाची नेहमीची पद्धत) जोडणीची नोंद निदान दोन तास चार मिनिटं तरी पुसू नये, अशी शिफारस इंटरनेटच्या मानकांत २००८ पासून आहे. प्रत्यक्षात ती अनेकदा पाळली जात नाही. संगणक स्वतःहून टीसीपीची खुशाली विचारतो तो मुळात दोन तासांनी, तोवर ओळ पुसली गेलेली असते.

म्हणून एसएसएच या लॉगिनच्या सोयीने दूरच्या सर्व्हरशी जोडलेली खिडकी जेवून येईपर्यंत गोठते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ६० सेकंद केलं की थांबतं. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीत) घरच्या राउटरमागे असताना हेच अंतर २५ सेकंद ठेवायला सांगतात. मग ते दहाच का करू नये? मोबाइलवर प्रत्येक छोट्या पाकिटासाठी रेडिओला उठावं लागतं आणि लगेच झोपता येत नाही, त्यामुळे दर दहा सेकंदांच्या हालचालीने बॅटरी लवकर आटते. इथेही वेळ तीनदा लिहून घड्याळ किती सेकंदांचं आहे ते काढावं आणि निम्म्याच्या जरा आत राहावं.